मूळभाताचा दिवस

वीस दाण्यांपैकी नऊ उगवले होते. गाराईने ओल्या फडक्याची घडी पुन्हा एकदा उलगडून पाहिली. सहावा दिवस होता. उरलेले दाणे तसेच होते. त्यांतले दोन नखाने दाबल्यावर पिठूळ फुटले.

"नऊच," तो म्हणाला.

शेजारच्या खोलीतली लुलोंग भिंतीला टेकून सुपारी कातरत बसली होती. तिने सत्तरी ओलांडली होती आणि ती गाराईच्या मेलेल्या बहिणीची, सेंदीची, लहानपणापासूनची मैत्रीण होती. "निम्मेसुद्धा नाहीत. पुढच्या वर्षी एकही यायचा नाही."

"गेल्या वर्षी सेंदीनं पेरलं का नाही, अक्का?"

"तिला खाली बसलं की उठता येत नव्हतं. पेरणार कशी? तुला निरोप धाडला होता मी. दोनदा."

"दौरा चालू होता माझा."

"ते माहितीये."

गाराईने फडकं पुन्हा भिजवलं, पिळलं आणि दाणे झाकून ठेवले. त्यात आता काही अर्थ नव्हता, पण हाताला काम लागलं.

सेलिपिन नदीवरच्या त्या लांबघरात एकाच लांब छपराखाली तेवीस दारं होती आणि प्रत्येक दाराचं स्वतःचं, पिढ्यांपासून चालत आलेलं मूळभात होतं. खोलीत जो राहील त्याने ते दरवर्षी पेरायचं, कापायचं, त्यातलं बी वेगळ्या टोपलीत राखायचं. ते विकत मिळत नाही आणि उसनं देत नाहीत. सुगीच्या सणाला बावीस दारांपुढे त्यांचं त्यांचं भात मांडलेलं असतं आणि तेविसाव्यापुढे नसतं, तेव्हा त्या दाराला कोणी काही बोलत नाही. त्या खोलीला गार झालेली खोली म्हणतात, एवढंच.

गाराई एकतिसाव्या वर्षी शाळेची नोकरी सोडून निवडणुकीला उभा राहिला होता. सात निवडणुका जिंकला, तीन वर्षं उपमंत्री होता, आठवी हरला. आमदाराला इकडे वायबी म्हणतात; पद गेलं तरी लोकांच्या जिभेवरून ते जात नाही. निकालाच्या दिवशी प्रत्येक पेटीची मोजणी वेगळी वाचली गेली. त्याच्या स्वतःच्या लांबघरातल्या एकसष्ट मतांपैकी त्याला चौदा होती. ते चौदा कोण हे त्याला कळलं नव्हतं आणि विचारता येण्यासारखं नव्हतं. मे महिन्यात सेंदी गेली. तो तिला पुरायला आला आणि परत गेला नाही. बायको राजधानीत, कुचिंगच्या घरी होती. ती फोनवर म्हणाली, "तिथं काय करणार आहात?" त्याने सांगितलं, भात. ती म्हणाली, रक्तदाबाच्या गोळ्या पाठवते.

जंगल तोडायला त्याने पलीकडच्या ताडाच्या मळ्यावरचे दोन परदेशी मजूर लावले. ऑगस्टच्या मध्यावर शेत जाळलं. जळणी चांगली झाली. राख घोट्यापर्यंत होती, पांढरी, हलकी. आता टोकणणी. पुरुषांनी एका रांगेत काठीने भोकं पाडत पुढे जायचं, मागून बायकांनी बी टाकायचं. मूळभात शेताच्या मधोमध आधी पेरायचं आणि त्याच दिवशी भोवतीचं सगळं शेत साध्या भाताने पुरं करायचं. मधला चौकोन एकटा राहिला तर तो एकटाच पिकतो, आणि पाखरं दुसरीकडे जात नाहीत.

संध्याकाळी उजेड असताना तो बाहेरच्या लांब ओसरीवर आला. चटयांवर माणसं बसली होती. कोणी जाळं विणत होतं, कोणी कोयत्याला मूठ बसवत होतं. तो मधोमध उभा राहिला. सवयीने त्याचे हात पोटावर एकात एक गेले.

"माझ्या पेरणीला दहा-बारा माणसं हवीत," तो म्हणाला. "साठ रिंगिट दिवसाला देईन. जेवण माझं."

कोणी वर पाहिलं नाही. जाळ्याची सुई थांबली. घराचा मुखिया मुजाह गाराईहून दहा वर्षांनी लहान होता. त्याने घसा खाकरला.

"मूळभाताला मजुरी, वायबी?"

"मग काय देऊ?"

नुइंग नावाचा चाळिशीतला, सतत तोंड चालवणारा माणूस मुठीवर दोरी आवळत होता. तो मान न उचलता म्हणाला, "साठात मत पण मिळायचं ना त्या वेळी?"

दोघं-तिघं हसले. गाराईही हसला, कारण हसणं त्याला लवकर येत असे. मग तो खोलीत गेला. थोड्या वेळाने लुलोंग दारात येऊन उभी राहिली.

"पैसे देऊन मळ्यावर माणसं बोलवतात. इथं सावड असते, विसरलास? तू त्यांच्या शेतात एक दिवस जा, ते तुझ्यात एक दिवस येतील. सेंदी गेली तशी तिची सावडही गेली. तुझी तर कधी नव्हतीच."

"सदुसष्ट वर्षांचा आहे मी, अक्का."

"मी एकाहत्तर. माझं शेत सोमवारी आहे. काठी घेऊन ये."

पहिला दिवस, सोमवारच्या आधीच, मुजाहच्या शेतात होता. सकाळी सातला डोंगरावर चढताना गाराईचा डावा गुडघा दोनदा लचकला. काठी लोखंडासारख्या जड लाकडाची होती, त्याच्या उंचीहून दीड हात जास्त, टोकाला मनगटाएवढी जाड. ती उचलून सोडायची असते. जोर लावायचा नसतो. तिचं वजनच भोक पाडतं. हे त्याला लहानपणी येत होतं. आता त्याने जोर लावला.

पाठीमागून मुजाहची बायको ओरडली, "ही विहीर कुणी खणली? यात बी टाकलं तर उगवून वर यायला सणापर्यंत लागेल."

"वायबींनी," नुइंग म्हणाला. "नळयोजनेची सवय आहे त्यांना."

बोटाची दोन पेरं, एवढंच खोल हवं. त्याने काठीवर कोळशाने खूण केली आणि मग खुणेकडे बघत बघत काम केलं, त्यामुळे तो मागे पडला. रांग तिरकी झाली. मुजाहने त्याला टोकाला नेऊन उभं केलं. तिथं चुकलं तरी ओळ बिघडत नाही. नऊच्या सुमाराला तळव्यांना फोड आले, अकराला फुटले. राख घामात कालवून मानेवर आणि पापण्यांत बसत होती. रांगेतली माणसं आपापसांत बोलत होती: कुणाच्या इंजिनाबद्दल, कुणाच्या सुनेबद्दल. तो जवळ आला की बोलणं थांबत नसे, पण आवाज बदलत असे, शाळेत तपासनीस आल्यावर बदलतो तसा.

दुपारी खोपीत जेवायला बसले. बाकीचे जमिनीवर, पानात बांधलेल्या भाताच्या पुड्या सोडून. त्याच्यासाठी एक चटई वेगळी अंथरलेली होती आणि तिच्यावर चिनी मातीची ताटली, चमचा, झाकण घातलेला पेला. हे सगळं कुणीतरी त्याच्यासाठी डोंगर चढवून आणलं होतं.

"मी तिकडं बसतो," तो म्हणाला.

"नको, नको. इथं सावली चांगली आहे," मुजाहची बायको म्हणाली.

तो चटईवर बसला. खारवलेला मासा चांगला होता. तिकडे लोक हसत होते, आणि त्यांच्यात आणि त्याच्यात जेमतेम तीन पावलांचं अंतर होतं. त्याने मोजलं होतं.

सोमवारी लुलोंगच्या शेतात तो होता, मंगळवारी पुन्हा मुजाहच्या दुसऱ्या तुकड्यावर, मग नुइंगच्या, मग आणखी दोघांच्या. काठी सोडायला जमू लागली. चौथ्या दिवशी चटई होती पण पेल्यावर झाकण नव्हतं. सहाव्या दिवशी त्याची ताटली विसरली गेली आणि त्याने पानावर जेवण घेतलं. त्यालाच विचित्र वाटलं की तो खूश झालाय. काम करताना तो शेजारच्या हातांकडे बघायचा. हा असेल का चौदांतला? की हा? लुलोंगच्या शेतात तो असंच बघत असताना ती बी टाकता टाकता म्हणाली, "माझ्याकडे बघत बसू नकोस. मी नव्हतं दिलं तुला."

"मी विचारलं नाही."

"म्हणून सांगितलं."

"का नाही दिलंस?"

"सेंदीनं पण नव्हतं दिलं," ती म्हणाली. "आता हाल पुढे."

तो हलला. त्या ओळीत त्याचं एक भोकही चुकलं नाही. हे तिने नंतर आपल्या खोलीत बसून कुणाला तरी सांगितलं, आणि ते त्याने भिंतीपलीकडून ऐकलं. पण भोकांबद्दल ऐकून त्याला बरं वाटलं नाही. सेंदी दर प्रचाराला त्याच्या माणसांसाठी भात रांधायची, चाळीस-चाळीस माणसांचा, आणि हात पुसत पुसत विचारायची, अजून किती येणार आहेत रे.

सहा दिवस झाले. सहा माणसं पुढच्या गुरुवारी यायची ठरली. एवढ्या माणसांत शेत होत नव्हतं, पण सकाळी लवकर लागलं तर दोन तृतीयांश झालं असतं. दीड वर्षाचं बियाणं म्हणून त्याने हिशेब केला: प्रत्येक भोकात सातऐवजी पंधरा दाणे. म्हणजे मूळभाताचा चौकोन बारा पावलं लांब, दहा रुंद. लुलोंगला हे पटलं नाही. ती म्हणाली, पंधरा टाकले म्हणजे पंधरा जणांना बोलवून नऊ येतील असं धरणं. तो म्हणाला, अगदी तसंच, आणि नऊ नाही, सातच येतील. ती हसली.

मंगळवारी संध्याकाळी मुजाह आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही.

"वायबी, गुरुवारी नवे वायबी येतायत. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन. खात्याकडून तारीख आलीय. सगळ्या घरानं थांबायचंय. घाटावर स्वागत, मग काशाचे गाँग वाजवणं, मग जेवण."

"गुरुवारी माझी पेरणी आहे."

"म्हणूनच आलो. दिवस बदलता का?"

"पुढचा मोकळा दिवस कधी?"

मुजाहने बोटं मोजली. सगळ्यांच्या सावडी एकमेकांत गुंतलेल्या होत्या. "बारा दिवसांनी."

बारा दिवसांत पाऊस येणार होता. पाऊस आला की राख वाहते, वर कठीण पापुद्रा धरतो आणि तण भाताच्या आधी उठतं. मुजाहला हे त्याच्याहून चांगलं माहीत होतं. तो पायाच्या अंगठ्याने उंबऱ्याची फट कोरत होता.

"या दिवसांतच नदीला पाणी असतं," तो म्हणाला. "मोठी होडी वरपर्यंत येते. तुमच्याही वेळी याच दिवसांत असायचं सगळं."

"हो."

"तुमची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवलीय."

बुधवारी दुपारी गाराई घाटाच्या वरच्या पायरीवर गेला. फोन तिथंच लागत असे. त्याला बायकोशी बोलायचं होतं, पण त्याआधी फोनच वाजला. फेलिक्स बोलत होता, त्याला हरवणारा, अडतीस वर्षांचा वकील.

"काका, तब्येत कशी आहे? उद्या याच. मंचावर बसा, दोन शब्द बोला. नदीखोरे मंडळाचं अध्यक्षपद रिकामं आहे. मी तुमचं नाव वर पोचवलंय. लोकांनी आपल्या दोघांना एकत्र पाहिलं की बाकीचं मी बघतो."

गाराई पायरीवर बसला. पाणी खरंच चढलं होतं. खालच्या तीन पायऱ्या दिसत नव्हत्या. पस्तीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः ज्या म्हाताऱ्याला हरवलं होतं त्यालाही त्याने असाच निरोप पाठवला होता. शब्दसुद्धा जवळजवळ हेच. तो म्हातारा कोट घालून आला होता, उन्हात दोन तास मंचावर बसला होता, आणि फोटोच्या वेळी त्याने गाराईचा हात धरला तो सोडेना. गाराईला तो सोडवून घ्यावा लागला होता. त्या म्हाताऱ्याला मिळालेल्या मंडळाची बैठक वर्षातून एकदा व्हायची.

"काका? आवाज येतोय ना?"

"उद्या माझी पेरणी आहे."

फेलिक्स हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "तुमची? मग दुपारनंतर करा की. कार्यक्रम दोनला संपतो."

"दोनला संपत नाही," गाराई म्हणाला. "मला माहितीये."

"विचार करा. खुर्ची रिकामी दिसली तर लोक काय म्हणतील?"

त्याने विचार केला. अध्यक्षपदाबरोबर गाडी असते, कुचिंगला छोटी कचेरी असते, दार उघडून धरणारं कुणीतरी असतं. सकाळी फोन वाजतो. रात्री झोपताना बायको विचारते, आज काय झालं. हे सगळं त्याने पायरीवर बसून एकेक करून मनात पाहिलं, आणि प्रत्येक गोष्ट त्याला हवी होती. बायकोला फोन न करताच तो वर गेला.

गुरुवारी साडेसहाला त्याने मूळभाताची टोपली खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवली. एकदा बाहेर काढलेली टोपली पेरल्याशिवाय परत आत नेत नाहीत. ओसरीवर माणसं बांबूच्या कमानीला नारळाच्या झावळ्या बांधत होती. नुइंग शिडीवर होता. त्याने टोपली पाहिली आणि खालून पुढची झावळी मागून घेतली. मुजाहने वळून झावळीची गाठ दुसऱ्यांदा बांधली. बायका गाँग पुसत होत्या. लुलोंगही त्यांच्यात होती, पांढऱ्या केसांना तेल लावलेलं. गाराई सगळी ओसरी चालत गेला, तेवीस दारं, पाठीवर टोपली आणि साध्या भाताची पिशवी, खांद्यावर काठी. त्याच्यासाठी वाट करून देत होते, नेहमी देत तशीच.

डोंगरावर कोणी नव्हतं. त्याने शेताचा मध्य पावलांनी शोधला, चार कोपऱ्यांना खुंट्या मारल्या आणि सेंदी लावायची तो औषधी कंद एका कडेला लावला. मग काठी सोडायला सुरुवात केली. एक ओळ, बारा भोकं. काठी खाली ठेवायची, टोपली घ्यायची, परत सुरुवातीला यायचं, वाकायचं, पंधरा दाणे मोजून टाकायचे, पायाने राख सारायची. पुन्हा काठी. बी टाकणं बायकांचं काम. त्याच्या बोटांना मोजून सोडायची सवय नव्हती. कधी सतरा पडायचे, मग तो दोन उचलून घ्यायचा. वाकताना गुडघा दुखायचा आणि उठताना जास्त. नऊच्या सुमाराला खालून होडीच्या इंजिनाचा आवाज आला, मग गाँग. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाऱ्यावर तुकड्या-तुकड्यांनी वर येत होता. एक तुकडा पूर्ण आला: "आपले माजी वायबी तब्येतीच्या कारणाने आज येऊ शकले नाहीत, पण त्यांचे आशीर्वाद..."

तो उभा राहून ऐकत होता. त्यानेही हेच सांगितलं असतं. टाळ्या झाल्या. कोणत्या टाळ्या मनापासून असतात आणि कोणत्या जेवणासाठी, हे त्याला अजून कळत होतं. त्याने पुढची ओळ घेतली.

बारा वाजता मूळभाताचा चौकोन पुरा झाला. भोवतीचं शेत काळं-पांढरं पसरलेलं होतं, न पेरलेलं. त्याने साध्या भाताची पिशवी सोडली. पश्चिमेकडच्या कड्यावर ढग बसले होते. एकट्याने हे दहा-बारा दिवसांचं काम होतं. पाणी प्यायला तो खोपीत गेला, बसला, आणि बराच वेळ उठला नाही. तळव्यांवर जुन्या फोडांच्या जागी नवी कातडी आली होती, गुलाबी, चकचकीत. ती त्याने अंगठ्याने चाचपली.

वाटेवर कोयत्याने फांदी तोडल्याचा आवाज आला. लुलोंग चढून येत होती, थांबत थांबत. तिने पिवळा सदरा घातला होता, आजच वाटलेला. तो तिला ढगळ होता आणि त्यावर छापलेला फेलिक्सचा चेहरा तिच्या पोटावर दुमडला होता.

"डुक्कर आणलंय," तिने पानाची पुडी ठेवली. "त्यांच्याकडचंच. मीठ जास्त झालंय."

"बाकीचे?"

"नाच सुरू झालाय. आता कोण उठतंय?" ती दम घेत होती. "माझा एक दिवस तुझा होता. अर्धा गेला. अर्धा आज देते, अर्धा नंतर."

त्याने दोन घास खाल्ले. ती चौकोनाकडे गेली, बोटाने एका भोकावरची राख बाजूला केली, दाणे पाहिले, पुन्हा झाकले. तिने कमरेला बियाची टोपली बांधली. तो पुढे झाला, ती मागे. आता काठी खाली ठेवायला लागत नव्हती. मागे तिच्या पावलांचा आवाज होता, आणि ती दर ओळीच्या शेवटी थोडं कण्हत होती.

तिसऱ्या ओळीत ती म्हणाली, "आमच्या पेरणीला एकदा हेलिकॉप्टर आलं होतं. तुझं. शाळेच्या मैदानावर उतरलं."

"आठवतं. मंत्री होते बरोबर."

"घरातलं एकूणएक माणूस ते बघायला गेलं. मी आणि माझा नवरा राहिलो. निम्मं शेत झालं, दुसऱ्या दिवशी पाऊस आला. फेब्रुवारीपासून आम्ही कसावाची मुळं खाल्ली. तू दिलेले पत्रे छपरावर होते. पण पत्रे काही शिजत नाहीत."

तिचा आवाज वर गेला नव्हता. ती बी टाकत होती, सात-सात, मोजावं लागत नव्हतं.

"मला माहीत नव्हतं," गाराई म्हणाला.

"माहीत असतं तर आला नसतास?"

त्याने काठी उचलली होती, ती तशीच धरली. त्या वर्षी निवडणूक तीन महिन्यांवर होती. मंत्री एका दिवसासाठी मोकळे होते. पायलट सांगत होता, उद्या हवा बिघडेल. खाली मैदानावर चारशे माणसं हात वर करून उभी होती, आणि वरून ती सगळी त्याच्याकडे बघताना दिसत होती.

"आलो असतो," तो म्हणाला.

लुलोंगने पायाने भोक झाकलं. "मग ठीक. सरक पुढे. ढग खाली आलेत."

त्याने काठी सोडली, एक पाऊल टाकलं, पुन्हा सोडली. मागून भोकात दाणे पडल्याचा बारीक, कोरडा आवाज आला. तो ऐकला की मगच तो पुढचं पाऊल टाकत होता.